दोन शब्द

आपल्याकडे लग्न ठरलेल्या माणसाला सल्ला द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. एरवी ज्याला स्वतःच्या घरात कुणी हिंग लावून विचारत नाही, असा मनुष्यसुद्धा मांडवात शिरला की नवऱ्या मुलाच्या खांद्यावर हात टाकून त्याला कोपऱ्यात नेतो आणि "हे बघ, आता तुला म्हणून सांगतो" अशी सुरुवात करतो.

माझ्या लग्नात मला मिळालेले सल्ले लिहून ठेवले असते, तर शंभर पानी वही सहज भरली असती. घोड्यावर कोणत्या बाजूने चढायचे, ते थोरल्या काकांनी सांगितले. (उतरायचे कसे, ते सांगायला विसरले. तो प्रसंग निराळा.) सासऱ्यांनी घड्याळ दिले तर सगळ्यांदेखत ते कानाला लावून बघायचे नाही, हे वडिलांनी बजावले. मेव्हण्यांनी बूट पळवले तर किती रुपयांपर्यंत ताणून धरायचे, याचा मामांनी आकडाच ठरवून दिला होता : अकरा. जेवताना उखाणा अडला तर पाठीमागून कोण सांगणार, याचीसुद्धा योजना झालेली होती.

फक्त एका गोष्टीविषयी कुणी अवाक्षर काढले नाही. लग्न लागले, वऱ्हाडी पांगले, मांडव उतरला आणि दोन अनोळखी माणसांना एका खोलीत घालून बाहेरून कडी लावली, की आत पुढे काय करायचे असते, एवढीच ती गोष्ट.

हे १९७९ सालचे. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला. मी तिथल्या एका कचेरीत कारकून होतो, वय २५. ही कळमनुरीकडची, वय २०, मॅट्रिक पास. आदल्याच वर्षी कायद्याने लग्नाचे वय मुलीला १८ आणि मुलाला २१ केले होते. त्यामुळे सरकारदरबारी आम्ही दोघेही सज्ञान होतो. 'सज्ञान' या शब्दात ज्ञान आहे हे खरे. पण ते आमच्यापर्यंत पोहोचवायची व्यवस्था सरकारने केलेली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, शाळेत काही शिकवले असेलच की! शिकवले होते. आमच्या विज्ञानाच्या सरांनी प्रजननाचा धडा जास्वंदीच्या फुलावर सुरू केला आणि जास्वंदीच्या फुलावरच संपवला. पुंकेसर, स्त्रीकेसर, परागकण, फुलपाखरू. फळ्यावर रंगीत खडूने अशी सुरेख आकृती काढली होती की अजून डोळ्यांपुढे आहे. पुढची चार पाने आली तेव्हा सर खोकले आणि म्हणाले, "हे घरी वाचा." घरी वाचायला बसलो तर वडील म्हणाले, "हे शाळेत वाचत जा." तेव्हा जास्वंदीच्या बाबतीत मी आजही कुणालाही सल्ला देऊ शकतो. पण माणसाचे लग्न जास्वंदीशी होत नाही.

दुसरा आधार मित्रांचा. आमच्या कट्ट्यावर एकाच मित्राचे लग्न झालेले होते, म्हणून तो आमचा या विषयातला प्रोफेसर. त्याला मी धीर करून विचारले. त्याने आकाशाकडे बघितले, एक गूढ हास्य केले आणि म्हणाला, "जमतं सगळं. आपोआप जमतं." पुढे कितीतरी वर्षांनी त्याने कबूल केले की त्याला स्वतःला काहीच जमलेले नव्हते, पण तसे सांगितले असते तर कट्ट्यावरचे पद गेले असते.

तिसरा आधार भिंतींचा. तेव्हा पूर्णेहून अकोल्याकडे जाणारी मीटरगेजची गाडी हिंगोलीवरून धावायची. तिच्या खिडकीत बसले की दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चुन्याने लिहिलेली अक्षरे दिसायची. अशक्तपणा, निराशा, बालपणीच्या चुका, लग्नापूर्वी व लग्नानंतर अवश्य भेटा. दर दोन स्टेशनांमागे एक भिंत इतक्या कळवळ्याने बोलावते म्हटल्यावर, ज्याला काही झालेले नाही त्यालाही आपल्याला काहीतरी झाले आहे असे वाटू लागे. मला तर अकोल्यापर्यंत जाऊन येईतो भिंतीवरचे सगळे रोग होत.

चौथा आधार खुद्द भारत सरकारचा. लाल त्रिकोण सगळीकडे होता. 'निरोध' १९६८ साली बाजारात आला होता, तीन नगांचे पाकीट पंधरा पैशांना. आमच्या गल्लीतल्या पोरांनी त्याचे फुगे करून खांबाला बांधले होते. म्हणजे वस्तू ओळखीची होती, उपयोग ओळखीचा नव्हता. त्यातून आणीबाणी संपून दोनच वर्षे झालेली. कुटुंब नियोजनाची जीप गावाच्या शिवेवर दिसली की बाप्ये तुरीत जाऊन बसायचे, हे सगळ्यांच्या ध्यानात ताजे होते. अशा वेळी त्या खात्याच्या माणसाला आपण होऊन प्रश्न विचारणे म्हणजे कसायाला रस्ता विचारण्यासारखे.

राहता राहिला सिनेमा. तिथे ऐन वेळी दोन फुले एकमेकांवर डोलायची. म्हणजे पुन्हा जास्वंद!

तर अशा भरभक्कम तयारीने मी बोहल्यावर चढलो.

दुसऱ्या दिवशी जोडीने औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो. जोडीने म्हणजे आम्ही दोघे आणि घरची अकरा माणसे. औंढ्याचा नंदी देवळाच्या पुढे नाही, मागे आहे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या पाठीमागे जावे लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, अशी कथा आहे. हे नामदेव आमच्या नर्सीचे. आत्याबाई हिला ती कथा रंगवून सांगत होत्या आणि माझ्या मनात आले, भक्तासाठी अख्खे दगडी देऊळ फिरले. पण या एका विषयाकडे तोंड फिरवायला आमच्या घरातला एक माणूस तयार नाही.

रात्री आम्हाला जी खोली मिळाली ती एरवी हळदीची. वसमतच्या बाजारात न्यायची पोती तिथेच रचलेली होती. ती एका बाजूला सारून, मधे पलंग टाकून, वर कुणीतरी हौसेने झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. मामींनी केशर घातलेल्या दुधाचा पेला माझ्या हातात दिला, तोंडाला पदर लावला आणि त्या पळाल्या. या विषयावर घराण्याने मला दिलेले सगळे मार्गदर्शन त्या पेल्यात होते.

आत गेलो आणि मला शिंक आली. हळदीच्या पोत्यांशेजारी बसून पाहा. एक शिंक कधी येत नाही. हिलाही सुरू झाल्या. पलीकडच्या खोलीत, म्हणजे पत्र्याच्या पडद्याआड, सतरा पाहुणे झोपले होते. खरे म्हणजे झोपले नव्हते. आमच्या सातव्या शिंकेला तिकडून आत्याबाईंचा आवाज आला, "अगं, सुंठ देऊ का?" त्या रात्री आम्ही सुंठ खाल्ली आणि झोपलो.

इथपर्यंत सगळे हसण्यासारखे आहे आणि आजवर मी एवढेच हसून सांगत आलो. पुढचे सांगत नसे.

सकाळी मोठ्या जावांपैकी कुणीतरी आत येऊन चादर उचलली, उलटसुलट करून बघितली आणि नुसते "हं" म्हणून घडी घालून नेली. मला त्यातले काही कळले नाही. हिला कळले. तिचा चेहरा उतरला तो दिवसभर तसाच. मी विचारले नाही, कारण नव्या बायकोला असे काही विचारतात की नाही, हे मला कुणी सांगितले नव्हते.

पुढच्या आठ-दहा दिवसांत आमचे जे काही झाले ते अंधारात, घाईने, अंदाजपंचे आणि एकमेकांशी एक शब्दही न बोलता. कधी मलाच काही साधायचे नाही. मग मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. कधी साधले तर तिला दुखायचे. ती दात आवळून गप्प राहायची आणि मी त्या गप्पपणाचा अर्थ 'ठीक चालले आहे' असा लावायचो. जगात गप्प बसण्याचा इतका चुकीचा अर्थ कुणी लावला नसेल.

शेवटी मी भिंतीला शरण गेलो. बसस्टँडपलीकडे रस्त्याच्या कडेला एक तंबू होता. बाहेर पैलवानांच्या तसबिरी, आत बरण्यांत मुळ्या आणि मधे पागोटे घातलेले खानदानी वैद्य. त्यांनी माझी नाडी धरली, डोळे मिटले आणि एकदम म्हणाले, "मालक, लहानपणी चूक झाली." मी चमकलो. यांना कसे कळले? तेव्हा ध्यानात आले नाही की त्या तंबूत येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतात आणि प्रत्येक जण चमकतो.

मग वैद्यबुवांनी शास्त्र सांगितले. चाळीस घास अन्नाचा एक थेंब रक्त होतो आणि चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब धातू. मी पडलो कारकून. मनातल्या मनात गुणाकार केला. चाळीस गुणिले चाळीस, सोळाशे घास. एका भाकरीचे वीस घास धरले तर थेंबामागे ऐंशी भाकरी. मी दिवसाला तीन भाकरी खाणार. म्हणजे एका थेंबाला जवळजवळ सत्तावीस दिवस! महिन्याच्या पगारासारखाच हिशोब. इतका उधळ्या माणूस आजवर जिवंत कसा राहिला, याचेच मला नवल वाटले. एकशे एक्कावन्न रुपये मोजून मी पुड्या घेतल्या. पगाराचा तिसरा हिस्सा गेला. पुड्यांना गुळाची आणि चुन्याची चव होती. गूळ बहुधा खरा असावा.

त्याच आठवड्यात हिला ताप भरला. तो साधा नव्हता हे मला चौथ्या दिवशी कळले, तेही शेजारच्या म्हातारीकडून. लघवीला आग होत होती, ओटीपोट दुखत होते आणि पोरगी चार दिवस कुणाला न सांगता धुणी धूत होती. आपल्याकडून काहीतरी पाप झाले, त्याचीच ही शिक्षा, अशी तिची समजूत. त्या संध्याकाळी ती तापाने थरथरत होती आणि मला म्हणाली, "अहो, मला माहेरी पाठवा. तुमचं नुकसान नको." लग्नाला वीस दिवस झाले होते आणि तिचे मला उद्देशून हे पहिले पुरते वाक्य.

सरकारी दवाखान्यात नेले. तिथे एक पन्नाशीच्या सिस्टर होत्या. जाड भिंगांचा चष्मा, पांढरी साडी, आवाज रेड्याला दटावणाऱ्या बाईसारखा. त्यांनी तपासणीची व्यवस्था केली, डॉक्टरांकडून औषध लिहून घेतले आणि मला बाहेर जाऊ न देता म्हणाल्या, "बसा. तुम्हीबी बसा इथं." मला वाटले, झाले! नसबंदीच्या यादीत नाव गेले. मी दाराचे अंतर मोजू लागलो.

"लग्नाला किती दिवस झाले?"

"वीस."

"वीस दिवसांत एकमेकांशी किती बोललात?"

मी हिच्याकडे बघितले, हिने जमिनीकडे.

"मंग नुसतं औषध देऊन काय करू?" सिस्टर म्हणाल्या. त्यांनी केसपेपर उलटा केला, खिशातले पेन काढले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढली. जास्वंदीची नव्हे.

त्या अर्ध्या तासात त्यांनी जे सांगितले ते इतके साधे होते, की ते मला पंचविसाव्या वर्षापर्यंत कुणी का सांगितले नसावे, याचेच आश्चर्य वाटते.

पहिले, हा ताप. "ह्याला पाप म्हनत नाहीत, जंतू म्हनतात. नव्या नवऱ्यांना लई वेळा होतं." बाईच्या लघवीची वाट आखूड असते, म्हणून जंतू लवकर वर चढतात. पाणी भरपूर प्यायचे, लघवी तुंबवून ठेवायची नाही, संबंधानंतर जाऊन यायचे, आणि आग झाली, ताप आला तर चार दिवस लपवायचे नाही. औषध सांगितले तितके दिवस पुरे घ्यायचे. बस्स.

दुसरे, ती चादर. ती गोष्ट हिनेच काढली. कशी, कोणत्या धैर्याने, मला माहीत नाही. खाली मान घालून म्हणाली, "मला त्या दिवशी काही... दिसलं नाही." सिस्टरांनी चष्मा काढला. आवाज एकदम खाली आला. "अगं पोरी, समद्यांना दिसत नसतं. तो पडदा कुणाचा पातळ, कुणाचा ताणणारा, कुणाचा खेळता-कामं करता कधीच सैल झालेला. चादरीवर काय सर्टिफिकेट छापून येतं व्हय?" आणि माझ्याकडे वळून, "तुमच्या घरात ज्या बाईनं चादर बघितली ना, तिला म्हनावं, धुवायचीच असंल तर धुवून टाक."

जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांसह २०१८ साली जाहीर केले, की बाईचे कौमार्य शरीरावरून ओळखता येते या समजुतीला शास्त्रीय आधार नाही आणि तसली तपासणी बंद झाली पाहिजे. वाचले तेव्हा मला आमच्या सिस्टर आठवल्या. त्यांनी हे १९७९ साली केसपेपरच्या मागे लिहून दिले होते.

तिसरे, दुखणे. "दुखतं ते भीतीनं आन् घाईनं. अंग आवळलं की दुखणारच. मग थांबायचं. तिनं थांब म्हनलं की थांबायचं. आज नको म्हनली तर आज नको. लग्न झालं म्हंजी सात-बारा नावावर झाला नाही." घाई केली नाही, भीती गेली, तरी दुखत राहिले तर डॉक्टरला दाखवायचे, सोसत बसायचे नाही.

चौथे माझे. मी चाचरत ऐंशी भाकरींचा हिशोब सांगितला. सिस्टर इतक्या हसल्या, की बाहेरची रांग आत डोकावली. "भाऊ, तोंडात थुंकी येती ती किती भाकरींची, मोजली का कवा? हे बी तसंच. शरीर रोज तयार करतं. रक्ताचा अन् त्याचा काही संबंध नाही." आणि नव्या नवऱ्याला भीतीने, थकव्याने, सतरा पाहुण्यांच्या धाकाने काही वेळा न जमणे हा रोग नव्हे. भीती गेली की बहुतेक वेळा तेही जाते. पुड्या त्यांनी मागवून घेतल्या आणि माझ्यादेखत मोरीत टाकल्या. एकशे एक्कावन्न रुपये वाहत गेले, त्याचे मात्र मला त्या वेळी खरेच दुःख झाले.

पाचवे, मूल. "लगेच पाहिजे का?" आम्ही दोघांनी एकदमच मान हलवली : नको. वीस दिवसांतले आमचे हे पहिले एकमत. त्यांनी 'निरोध'ची पाकिटे दिली, वापर समजावून सांगितला, दर वेळी नवे घ्यायचे हे दोनदा बजावले. "आन् पोरांच्या हाती लागू देऊ नका. फुगे करतात मेले."

निघताना मी विचारले, "यादीत नाव घालणार का?" त्या म्हणाल्या, "कसली यादी? घरी जा."

घरी लगेच गेलो नाही. कयाधूच्या काठाला टांगा थांबवला. नदीला पाणी बेताचेच होते. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग ही म्हणाली, "मला वाटलं, माझ्यातच काहीतरी कमी हाय." मी म्हणालो, "मला वाटलं, माझ्यात." ती म्हणाली, "आईनं एवढंच सांगितलं होतं. ते म्हणतील तसं कर, आणि ओरडू नकोस." मी म्हणालो, "मला तर तेवढंही कुणी सांगितलं नव्हतं." मग तिला आत्याबाईंची सुंठ आठवली आणि ती हसू लागली. मीही हसलो. टांगेवाला मागे वळून बघू लागला. आमचे लग्न, खरे म्हणाल तर, त्या टांग्यात लागले.

पुढे वाचनाचा नाद लागला तेव्हा कळले, की यातले पुष्कळसे आमच्या जन्माआधीच मराठीत छापून झाले होते. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईला विल्सन कॉलेजात गणिताचे प्रोफेसर होते. त्यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच साली लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना उघडला होता. या कामापायी कर्व्यांची नोकरी गेली. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत पदरमोड करून चालवले. त्यात वाचक आपले खाजगी प्रश्न विचारत आणि कर्वे सरळ उत्तर देत. या उत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. लोक प्रश्न विचारणार, आणि मासिक त्याच विषयाचे असेल तर ते उत्तर देणार, यात गुन्हा कुठे आला, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. कोर्टाला तो पटला नाही. दंड झाला. म्हणजे त्या काळी भिंतीवर खोटे लिहायला चुना पुरत होता आणि कागदावर खरे लिहायला दंड भरावा लागत होता.

आणखी मौजा ऐका. धातू गेल्याच्या भीतीने खंगणाऱ्या माणसांच्या त्रासाला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्येच 'धात सिंड्रोम' असे नाव दिले होते. रोग धातूचा नसून धास्तीचा, हे डॉक्टरांना तेव्हापासून ठाऊक होते. चमत्कारी औषधांच्या असल्या जाहिरातींना बंदी करणारा कायदा १९५४ चा. म्हणजे मी ज्या तंबूत शिरलो, त्याच्यासारख्यांच्या बंदोबस्ताचा कायदा माझ्याइतकाच, पंचविशीत आलेला होता. आणि मला वाटते, माझ्याइतकाच अननुभवी. डॉ. विठ्ठल प्रभूंचे 'निरामय कामजीवन' निघाले ते ऐंशीच्या दशकात. आमच्या हाती ते पडले तेव्हा आमची थोरली शाळेत जात होती. तरी मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. सिस्टरांचे काही चुकले होते का, हे बघायचे होते. फारसे नव्हते.

आता हे सगळे आज उगाळायचे कारण म्हणजे गेल्या वर्षी आमच्या पुतण्याचे लग्न वसमतला झाले. मुलगा इंजिनियर, मुलगी बँकेत. आदल्या रात्री धाकटा भाऊ माझ्याजवळ आला, इकडेतिकडे बघितले आणि म्हणाला, "दादा, तू जरा त्याला दोन शब्द सांग की." मी म्हणालो, "बाप तू." तो म्हणाला, "म्हणूनच."

पुतण्याला घेऊन गच्चीवर गेलो. बघा, सेहेचाळीस वर्षे विचार करून तयार ठेवलेले भाषण. पण गच्चीवर पोहोचताच मीही आकाशाकडे बघितले आणि खोकलो. पोरगाच म्हणाला, "काका, तुम्ही ते सांगायला आलात का? सगळं माहिती आहे. मोबाईलवर असतं."

मला सुटल्यासारखे झाले. मोबाईलवर काय असते ते मीही ऐकून आहे. सिनेमातली मारामारी बघून कुणी तालमीत उतरावे, तसा तो प्रकार. पण मी म्हणालो, "बरं झालं," आणि जिन्याकडे वळलो. काही राज्यांत सरकारच आता नव्या जोडप्यांना 'नई पहल' नावाची पिशवी देते, असे मी वाचले होते. २०१६ सालच्या 'मिशन परिवार विकास' योजनेतली. त्यात गर्भनिरोधके आणि माहितीपत्रक असतेच, शिवाय आरसा, कंगवा, टिकल्या आणि रुमालही असतो. ती आपल्याकडे आली तर आम्हा काकांची सुटका होईल, असा विचार करीत मी पहिली पायरी उतरलो.

मागून हाक आली, "काका."

"काय रे?"

"मला जमलंच नाही तर? आणि तिला त्रास झाला तर कळणार कसं?"

उजेडात उभा होता. सहा फूट उंच, दाढी राखलेला, महिना लाखभर कमावणारा पोरगा. आणि त्याच्या तोंडावर हुबेहूब तोच चेहरा, जो घेऊन मी बसस्टँडपलीकडच्या तंबूत शिरलो होतो. मोबाईलने त्याला सगळे दाखवले होते. पण ही दोन वाक्ये त्याला विचारायला त्यात जागा नव्हती.

मी पायरी परत चढलो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्याला सिस्टर आणि भाकरी ऐकवल्या. तो पोट धरून हसला, आणि हसला म्हणजे निम्मी भीती गेली. आणि दुसऱ्याचे उत्तर म्हणून, भावाने सांगितले होते तसे, खरोखरच दोनच शब्द सांगितले : "तिला विचार."

"एवढंच?"

"एवढंच. मला हे कळायला वीस दिवस, एक ताप आणि एकशे एक्कावन्न रुपये लागले."

खाली आलो तर आमची मंडळी मुलीकडच्या खोलीतून बाहेर येत होती. चांगली अर्धा तास आत होती. मी विचारले, "काय सांगत होतीस तिला एवढं?"

"दोनच शब्द," ही म्हणाली. "'त्याला सांग.'"

"मग अर्धा तास कशाला लागला?"

"बाकीचा वेळ," ती पदर सारखा करत म्हणाली, "तुमच्या ऐंशी भाकरींचा हिशोब समजावून देत होते. बँकेतली पोरगी आहे. तिने खात्री करून घ्यायला दोनदा गुणाकार केला."